इंदूरहून सालोटा-साल्हेर एका दिवसात, भाऊबीजेनंतर : जमेल का?

माळव्यातली_पायपीट :

नमस्कार मंडळी,

दिवाळीत आमच्या घरी कढईत जेवढं तळलं जातं त्याहून जास्त बेत शिजतात. यंदाचा पुतण्याने शिजवलाय. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी रात्री दहाला सुदामानगरातून निघायचं, मानपूर, खलघाट, सेंधवा, धुळे करत उजाडेपर्यंत बागलाणात (नाशिक जिल्ह्यात) गडांच्या पायथ्याच्या वाघांबे गावी पोचायचं. तिथून आधी सालोटा किल्ला, मग उतरून खिंडीत, खिंडीतून शेजारचा साल्हेर किल्ला, आणि साल्हेरच्या माथ्यावरून पलीकडे साल्हेरवाडीत उतरायचं. अख्खी धार एका दिवसात. संध्याकाळी गाडीत बसायचं ते थेट इंदूर, सकाळी ज्याचं त्याचं ऑफिस.

पुराव्यादाखल त्याने मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक मुलगा सालोट्याच्या पायऱ्या जवळजवळ पळत चढतो आणि वर हात पसरून उभा राहतो. मध्ये कुठे त्याला घाम आलेला दिसला नाही, म्हणून मला शंका आली आणि इथे विचारतेय.

जाणार कोण : मी (पन्नाशीला टेकलेली), यजमान, पुतण्या, सूनबाई, माझी नववीतली मुलगी आणि धाकटे दीर. दीर चढणार नाहीत. ते आम्हाला वाघांब्याला सोडून गाडी साल्हेरवाडीला आणणार आणि तोवर झोपणार.

सवय म्हणाल तर इंदूरजवळचा जानापावचा डोंगर खालच्या गावातून पायी चढतो, गाडीने वर जाऊन दर्शन घेऊन येणाऱ्यांतले आम्ही नाही. पचमढीला चौरागडाच्या पायऱ्या केल्यात. मांडूला पावसात दिवसभर भटकलोय. धूपगडावर गाडीनेच गेलो होतो, तो मोजू नका. चालण्याची मला काळजी नाही. काळजी यजमानांची आहे. गच्चीवर टाकीचा वॉल्व बघायला कठड्याजवळ जायचं असलं की ते मला पाठवतात. पण "साल्हेर बघायचाच" हेही तेच म्हणतात. आता त्यांना काय म्हणावं!

तर दोन्ही गड एका दिवसात आमच्यासारख्यांना झेपतील का? त्या पायऱ्यांवर उंचीची भीती असलेल्या माणसाचं काय होतं? आणि वर पाणी मिळतं का, का सगळं पाठीवर न्यायचं? मुलीला आणखी एक विचारायचंय : साल्हेरची लढाई गडावर झाली की खाली?


बागलाणचा_जावई :

ताई, पुतण्याला माझा नमस्कार सांगा आणि तो व्हिडिओ आधी डिलीट करायला लावा.

मी रामबागेतला, सासर सटाण्याचं. भाऊबीजेला बायको माहेरी रमली की मी बूट घालून डोंगरात पसार होतो. सासूबाई त्याला "जावईबापूंचं तीर्थाटन" म्हणतात. त्यामुळे पावसाळ्यातला साल्हेर मला कमी ठाऊक, पण तुम्ही जाणार त्याच दिवसांतला चांगला ठाऊक आहे.

पहिली गोष्ट डोंगराची नाहीच, गाडीची आहे. इंदूर ते धुळे अडीचशे किलोमीटरच्या वर. पुढे साक्री, पिंपळनेर, सेलबारीची खिंड ओलांडून ताहराबाद, मुल्हेर, वाघांबे. सगळं मिळून पावणेचारशेच्या पुढेच जातं. बिजासन घाटात रात्री ट्रकांची रांग लागली तर तासभर तिथेच. म्हणजे तुम्ही रात्रभर मान वाकडी करून बसणार, उजाडताना गाडीतून उतरणार, आणि तसेच पंधराशे मीटरच्या दोन गडांना भिडणार. वर संध्याकाळी तोच प्रवास परत. दीर दिवसा झोपतील म्हणता, पण उन्हात तापलेल्या गाडीत कोण झोपलंय? या बेतात सगळ्यात धोक्याचं काही असेल तर परतीची रात्र. सालोट्याच्या पायऱ्या नंतर.

एक दिवस वाढवा. आदल्या दिवशी सकाळचे पोहे खाऊन निघा, संध्याकाळपर्यंत ताहराबाद किंवा मुल्हेरच्या बाजूला पोचा. मांगी-तुंगीच्या पायथ्याला जैन तीर्थाची धर्मशाळा आहे, आधी फोन करून विचारा. १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती तिथलीच, जमलं तर पायथ्यावरून तेवढं बघून होईल. रात्री आठला झोपा आणि पहाटे साडेपाचला वाघांबे सोडा.

आता डोंगर. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शिखरांत कळसूबाईच्या (१६४६) खालोखाल. आपल्या धूपगडापेक्षा दोनशे मीटर जास्त. पण आकड्यावर जाऊ नका. वाघांब्यातून निघालात की आधी उघड्या सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या धारेवरून) चढत सालोटा आणि साल्हेर यांच्या मधल्या खिंडीत पोचता. ही चढण जानापाव करणाऱ्याला दमवते, पण घाबरवत नाही. खिंडीत उभं राहिलं की एका हाताला सालोटा, एका हाताला साल्हेर, आणि दोन्ही इतके अंगावर येतात की बोलणं आपोआप कमी होतं.

सालोट्याची वाट खिंडीतून निघते ती कड्याच्या पोटातून आडवी जाते. पायाखाली घसारा (सुटा, निसरडा चुरा), एका बाजूला उतार. मग कातळात कोरलेल्या पायऱ्या, उभ्या आणि उंच, त्यातल्या बऱ्याच तुटलेल्या, आणि मध्येमध्ये वरून गडगडत आलेल्या शिळा वाटेत ठाण मांडून बसलेल्या. तिथे चारी हातापायांनी जावं लागतं. चढताना मजा येते. उतरताना तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. व्हिडिओवाल्या मुलाने उतरताना कॅमेरा बंद ठेवला असणार.

साल्हेरची वाट त्या मानाने राजमार्ग. पायऱ्या, एकापाठोपाठ एक दरवाजे, मग एका बाजूला ओळीने कोरलेल्या गुहा आणि दुसऱ्या बाजूला दरी अशी लांब आडवी चाल, पुन्हा दरवाजे, आणि मग पठार. तिथे गंगासागर तलाव, रेणुकादेवीचं मंदिर, मुक्कामाची गुहा. तिथून शेवटची टेकडी चढलं की परशुरामाचं छोटं देऊळ. तुम्ही जानापाववाले, म्हणजे परशुरामाच्या जन्मस्थानाहून निघून त्याच्या तपाच्या जागी पोचता. समुद्राला मागे हटवणारा बाण त्याने साल्हेरवरूनच सोडला असं इथे सांगतात.

हिशेब करू. साडेपाचला निघालात तर बाईमाणूस, पोरंबाळं (रागावू नका, मी स्वतःलाही त्यात धरतो) मिळून साडेसात-आठला खिंडीत. सालोटा जाऊन येऊन, थांबत, फोटो काढत, तीन तास. म्हणजे अकरा. तिथून साल्हेरचा माथा दीड-दोन वाजता. जेवण. साल्हेरवाडीत उतरायला अडीच-तीन तास. साडेपाच. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. आणि भाऊबीजेनंतरचा चंद्र म्हणजे नुसती कोर, दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळणारी. चांदण्यात उतरू असं कोणी म्हटलं तर त्याला पंचांग दाखवा. म्हणजे हाताशी अर्धा तास उरतो. तो एका पायाच्या गोळ्यात, एका हरवलेल्या चष्म्यात जातो.

म्हणून माझा नियम : खिंडीत साडेआठच्या आत पोचलात आणि सगळे हसत असतील तरच सालोटा. उशीर झाला किंवा एकाचंही तोंड उतरलेलं असलं, तर सालोट्याला खालूनच हात जोडायचे आणि साल्हेर धरायचा. "आधी साल्हेर करू, वेळ उरला तर सालोटा" हे पुतण्या म्हणणारच. ते अजिबात नको. दुपारच्या उन्हात, थकलेल्या पायांनी सालोटा म्हणजे मुद्दाम ओढवून घेणं.

पाणी माणशी चार लिटर, त्यातलं एक साखर-मीठ-लिंबू घातलेलं. वर टाकी आहेत, गावकरी पितातही. पण आपल्या पोटाची परीक्षा तिथे घेऊ नका. घ्यायचंच झालं तर फडक्याने गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून. पाऊस संपला म्हणून हवा छान असेल असं समजू नका. ऑक्टोबरात सकाळी कुडकुडत निघायचं आणि अकरानंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. सावली फक्त गुहांत आणि दरवाज्यांत.


नको_रे_बाबा :

भिया, चकल्या खा, सराफ्यात खायला जा, दोन दिवस लोळा. सुट्टी असते कशाला?

असो. जाणारच असाल तर वाघांब्यातून वाटाड्या घ्या. गवत वाढलेलं असताना खिंडीच्या खाली ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलवरची रेघ उपयोगी पडत नाही. आणि गावातल्या माणसाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दिवाळीत तोही सासरी गेलेला असू शकतो.


घसारा :

वर जावईबापूंनी बरंच सांगितलंय, मी दोन गोष्टींची भर घालतो आणि एका गोष्टीवर भांडतो.

भर एक. गवत. सप्टेंबरात हे उतार हिरवेगार आणि सोनकीने पिवळे असतात. दिवाळीपर्यंत ते गवत गुडघ्यावर येतं आणि वाळतं. वाळलेल्या गवतावर बूट ओल्या शेवाळाइतकाच सटकतो, हे आपल्याकडच्या लोकांना पटत नाही. उतरताना टाच रोवून, पाय किंचित आडवा ठेवून टाकायचा. गवताखाली सुटा दगड आहे का खड्डा, ते काठीने चाचपायचं. पूर्ण पँट आणि घट्ट विणीचे मोजे घाला, नाहीतर कुसळं मोज्यातून आत शिरतात आणि दुपारपर्यंत माणूस चालायचं सोडून मोजे झटकत बसतो.

भर दोन. मधमाश्या. कड्यांवर आग्यामोहोळ असतं. अत्तर, सेंट, सुवासिक तेल काही लावू नका. चूल पेटवायची नाही, सिगारेट नाही, शिट्ट्या-आरोळ्या नाहीत. पोळं उठलंच तर हात झाडत उभं न राहता तोंड-डोकं झाकून तिथून लांब निघायचं. पण कड्यावर "लांब निघायचं" म्हणजे पळायचं नव्हे, म्हणून आधीच शांत राहिलेलं बरं.

या डोंगरांची रचना कळली की भीती अर्धी होते. सगळा लाव्हाचा दगड, थरावर थर. टणक थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार किंवा पदर (सपाटसा पट्टा), परत कडा. जुन्या लोकांनी कड्याला पायऱ्या कोरल्या आणि पदरावरून वाट आडवी नेली. म्हणून इथे चढ आणि आडवी चाल आलटून पालटून येते. मऊ थर झिजून जो चुरा साचतो तो घसारा. पायरीवर हाताला भिंत तरी असते, घसाऱ्यावर ती नसते. लोक पायऱ्यांना घाबरतात आणि घसाऱ्यावर बेफिकीर चालतात. करायला हवं उलट.

आता भांडण. कोणीतरी सुचवणारच की यजमानांना साल्हेरवाडीकडून सोप्या वाटेने वर पाठवा, बाकीचे सालोटा करून येतील, गंगासागरावर भेटू. माझा सक्त विरोध. दोन टोळ्या झाल्या की एक टोळी दुसरीची वाट बघते, मोबाईलला रेंज कुठे येईल कुठे नाही सांगता येत नाही, आणि वाट बघणारा माणूस शेवटी शोधायला निघतो. पुढचं सांगायला नको.


बागलाणचा_जावई :

मी तेच सुचवणार होतो, तुम्ही आधीच हात धरलात.

पण ऐका. दोन्ही टोळ्यांबरोबर एकेक वाटाड्या असेल आणि "दोनपर्यंत तलावावर कोणी दिसलं नाही तर आलो त्याच वाटेने परत, शोधायला जायचं नाही" हे आधी ठरलेलं असेल, तर मला तरी त्यात गैर दिसत नाही. भित्र्या माणसाला खिंडीत एकटं बसवून जाणं त्याहून वाईट. ते सगळेच करतात आणि त्याला कोणी टोळी फुटली म्हणत नाही.


घसारा :

ठरलेलं असतं हो. पाळतं कोण? बायको दिसली नाही म्हणून नवरा शांतपणे परत उतरलाय, असं तुमच्या पाहण्यात आहे?


माळव्यातली_पायपीट :

हा प्रश्न मी यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "उतरलो असतो." मुलगी हसून हसून लोळली.

मनापासून आभार. गाडीचा मुद्दा दिरांना पटला, किंबहुना त्यांना तो आधीच पटलेला होता, कोणी विचारलंच नव्हतं. एक दिवस वाढवतोय.

यजमानांचं थोडं सविस्तर सांगते. त्यांना चक्कर येत नाही, घरी पडणं वगैरे कधी नाही. उंचावरून खाली नजर गेली की पाय जडावतात, तळहाताला घाम येतो, आणि ते एका जागी उभे राहतात. चौरागडला पायऱ्यांवर काही झालं नाही कारण दोन्हीकडे माणसंच माणसं होती. पाय गोठला की तिथे काय करायचं? आणि माझे स्वतःचे गुडघे चढताना गप्प असतात, उतरताना बोलायला लागतात. काठ्या घ्याव्यात का?


गुडघेदुखी_क्लब :

ताई, मी राजेंद्रनगरची, तुमच्यापेक्षा चार दिवाळ्या जास्त पाहिलेली. गुडघ्यांचं मला विचारा.

काठ्या घ्या, दोन घ्या, पण घडी होणाऱ्या. खालच्या सोंडेवर आणि शेवटच्या उतारावर त्या गुडघ्यांचा भार खरंच उचलतात. कोरीव पायऱ्या लागल्या की मात्र घडी करून पिशवीत. तिथे हात मोकळे हवेत. काठी हातात लटकत ठेवून कातळ धरणाऱ्या बायका मी पाहिल्यात, काठी पायात येते आणि मग जीव मुठीत. उतरताना काठीची लांबी थोडी वाढवायची, हे दुकानदार सांगत नाही.

पायरी दीड-दीड फूट असते. सरळ पाय खाली सोडला की गुडघ्यावर धाडकन वजन पडतं. आडवं उभं राहून, खालचा पाय टेकल्यावरच वरचा सोडायचा. फारच उंच पायरी असेल तर सरळ बसून घसरायचं. लाज कसली? पँटच्या बुडाला ठिगळ लावता येतं. आतापासून रोज इमारतीचे जिने उतरायचा सराव करा. चढायला लिफ्ट वापरा हवं तर, मला उतरणंच हवंय. मांडीचे स्नायू उतरताना जे काम करतात ते चढताना करत नाहीत, म्हणून नुसतं चालणाऱ्यांचे पाय दुसऱ्या दिवशी लाकूड होतात. आणि गुडघ्याला सूज असेल, किंवा तो मध्येच अडकतो असं वाटत असेल, तर आधी डॉक्टर, मग साल्हेर.

यजमानांबद्दल. कानातल्या दोषामुळे घर गरगर फिरतं अशी चक्कर असती तर मी "नेऊच नका" म्हटलं असतं. हे तसलं नाही, हे दृष्टीभय. माझ्या नणंदेला आहे आणि ती तरीही येते. तिच्यासाठी आम्ही करतो ते सांगते. तिच्या पुढे एक, मागे एक, दोघंही तिच्या ओळखीचे. आडव्या वाटेवर तिचा हात डोंगराकडच्या भिंतीला लागलेला. नजर पुढच्याच्या टाचेवर. कोणी तिला "खाली बघू नकोस" म्हणायचं नाही, कारण ते ऐकलं की ती पहिलं तेच करते. पाय गोठला तर ओढायचं नाही, समजूतही काढायची नाही. "बसा" म्हणायचं. तिथल्या तिथे, भिंतीला पाठ लावून. दोन घोट पाणी, एक गुळाचा खडा. मग विचारायचं, "पुढचा पाय कुठे टाकाल ते दाखवा." तिने बोटाने जागा दाखवली की पाय आपोआप निघतो. वर जायचं की मागे, हे मात्र तिनेच ठरवायचं आणि मागे म्हटलं तर एकानेही तोंड वाकडं करायचं नाही. बाकी पोरासोरांना आधी दम देऊन ठेवा, कॅमेरा काढून "काका, इकडे बघा" करायचं नाही.

सालोट्याला त्यांना नेऊ नका. साल्हेर करतील. वाघांब्याच्या बाजूची गुहांपुढची चाल लांब आहे, पण वाट रुंद आहे आणि एका हाताला कातळ आहे.


तोफखान्यातले_आजोबा :

नववीतल्या मुलीच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो.

लढाई गडाखाली, उघड्या मैदानात झाली, फेब्रुवारी १६७२ मध्ये. बागलाण आधी बागुल राजांचं, त्यांची राजधानी मुल्हेर. १६३८ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते मोगलांकडे गेलं. जानेवारी १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर घेतला. तो परत मिळवायला मोगलांनी वेढा घातला आणि इखलासखानाकडे काम सोपवलं. मदतीला एकीकडून सरनौबत प्रतापराव गुजर आले, दुसरीकडून मोरोपंत पिंगळे. डोंगराच्या आडोशाने छापा घालून निघून जाणं वेगळं आणि मोगलांच्या मोठ्या फौजेला मैदानात समोरासमोर हरवणं वेगळं. साल्हेरला दुसरं घडलं, म्हणून तिचं नाव. सूर्यराव काकडे तिथेच जंबुरक्याचा (उंटावरच्या छोट्या तोफेचा) गोळा लागून पडले असं बखरीत आहे.

माथ्यावर गेली की मुलीला पायथ्याचं सपाट रान दाखवा आणि विचारा, तू इखलासखान असतीस तर पाठ कुठे ठेवली असतीस? पाठ्यपुस्तकात तीन ओळी असतात, तिथे उभं राहिलं की त्या तीन ओळींत घोडे धावायला लागतात. आणि ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांत साल्हेर आहे. तेव्हा दगडावर नाव कोरणारे दिसले तर मुलीलाच ओरडायला सांगा. मोठ्या माणसांचं कोणी ऐकत नाही.

हवा स्वच्छ असली तर माथ्यावरून सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगीची जोडी, आणि पश्चिमेला गुजरातेतलं डांगचं जंगल दिसतं. नकाशा कागदावर नेलात तर एकेक शिखर ओळखताना तास कसा जातो कळत नाही. जावईबापूंच्या हिशेबात तो तास नाही, याची नोंद घ्यावी.


माळव्यातली_पायपीट :

आजोबा, मुलीने तुमचं उत्तर वहीत उतरवून घेतलं. इतिहासाच्या सरांना विचारणार म्हणते. सरांची मला काळजी वाटते.

बेत आता असा : भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार, मांगी-तुंगीच्या पायथ्याला मुक्काम. पहाटे वाघांब्यातून एक वाटाड्या घेऊन सगळे एकत्र खिंडीत. यजमान सालोटा करणार नाहीत, आणि आता मीही नाही, खिंडीत दोघं बसू. पुतण्या, सूनबाई आणि मुलगी वाटाड्याबरोबर सालोट्याला, तेही साडेआठच्या आत खिंडीत पोचलो तर. मुलगी म्हणते आई-बाबा खिंडीत बसून भांडतील. नंतर सगळे साल्हेर, साल्हेरवाडीत उतरायचं आणि त्या रात्री परत ताहराबादच्या बाजूलाच. इंदूर दुसऱ्या दिवशी उजेडात.

पुतण्या थोडा हिरमुसलाय, पण सूनबाईच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव मी पाहिला.

घसाराभाऊ, हे टोळी फुटणं झालं का?


घसारा :

झालं, पण हे चालेल. तुम्ही दोघं जागचे हलणार नाही आहात आणि वरचे तुमच्याकडेच उतरणार आहेत, भेटायची जागा चुकूच शकत नाही. फक्त खिंडीत वारा असतो, घामावर तो लागतो. अंगावर घ्यायला एकेक जॅकेट ठेवा. आणि खाऊ तुमच्याकडे ठेवू नका, वर जाणाऱ्यांना त्यांचा त्यांचा द्या. माकडं तिघांपेक्षा दोघांना जास्त छळतात.

मुलीला सालोट्यावर उतरताना वाटाड्याच्या पाठोपाठ ठेवा, पुतण्या सगळ्यात वर. सुटा दगड वरच्याच्या पायाने निघतो आणि खालच्याच्या डोक्यात जातो, म्हणून शिळांच्या टप्प्यात एकेकाने उतरायचं, बाकीच्यांनी बाजूला कड्याला चिकटून थांबायचं. "दगड!" एवढं ओरडायला सगळ्यांना शिकवा.


बागलाणचा_जावई :

एक जाड, वीस मीटरचा दोर माझ्याकडे आहे. बहुतेक पिशवीतच राहील, पण मुलगी बरोबर आहे तर असू द्या. वाटाड्याला तो बांधता येतो का हे वाघांब्यातच विचारून घ्या, येत नसेल तर उगाच वजन वाहू नका. रामबागेत येऊन घेऊन जा, दिवाळीच्या आधी. नंतर मी सटाण्यात असेन.

त्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं-चौघं जानापावला चढतोय, पाठीवर चार-चार लिटर पाणी घेऊन, सहाला खालच्या गावातून. यजमानांना घेऊन या, तुमचे नवे बूट असतील तर तेही. उतरल्यावर पोहे माझ्याकडून, जलेबी ज्याचा गुडघा दुखणार नाही त्याच्याकडून.


माळव्यातली_पायपीट :

येतो. बूट दोघांचेही नवेच आहेत. जलेबीचं यजमानांना सांगते, त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.